शामक औषधे आणि मेंदूतील पहारा

1983 साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात ग्लासगो येथील दोन डॉक्टरांचे एक छोटेसे पत्र प्रसिद्ध झाले. त्यांच्या अतिदक्षता विभागात अपघातात गंभीर जखमी झालेले रुग्ण येत. अशा रुग्णांना कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवावे लागे आणि घशातील नळीचा व जखमांचा त्रास जाणवू नये म्हणून शामक औषधाच्या आधाराने दिवसचे दिवस गुंगीत ठेवले जाई. पूर्वी या कामी मॉर्फिन आणि त्याच्या जोडीला दुसरी एखादी निद्राकारक औषधी वापरीत. पुढे एटोमिडेट नावाचे नवे औषध आले. त्याची कीर्ती चांगली होती, कारण त्याने रक्तदाब घसरत नसे. रुग्ण शांत पडून राहात, नाडी स्थिर, रक्तदाब स्थिर. तक्रारीला कोठे जागाच नव्हती. आणि तरीही दगावणाऱ्यांचे प्रमाण वाढले होते. जुन्या व नव्या नोंदी शेजारी ठेवून ताडून पाहता बोट वळले ते या गुणी औषधाकडे.

कारण लौकरच उघड झाले. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीप्रमाणे बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी संकटकाळी कॉर्टिसॉल नावाचा अंतःस्राव सोडतात. रक्तदाब सावरणे आणि शरीरात पेटलेल्या दाहाला लगाम घालणे ही दोन्ही कामे हा स्राव करतो. एटोमिडेट त्या ग्रंथीतील एका विकराला जखडून टाकी आणि कॉर्टिसॉल तयारच होऊ देत नसे. म्हणजे ज्या क्षणी रुग्णाला त्या लगामाची सर्वांत अधिक गरज, नेमका त्याच क्षणी तो हातातून सुटत होता. आणि वरून मात्र सारे काही शांत दिसत होते. दिवसेंदिवस गुंगीत ठेवण्यासाठी एटोमिडेट वापरण्याची रीत त्यानंतर बंद पडली.

झोपेचे औषध मेंदूला झोपविते आणि बाकीच्या शरीराला त्याची वार्ताही नसते, ही समजूत या घटनेने कायमची मोडावयास हवी होती. तशी ती लगेच मोडली नाही. 1869 मध्ये क्लोरल हायड्रेटचा निद्राकारक गुण उमगला, 1903 मध्ये व्हेरोनल हे बार्बिट्युरेट जातीचे पहिले निद्राकारक औषध आले, 1960 आणि 1963 मध्ये लिब्रियम व व्हॅलियम बाजारात आली, 1986 मध्ये ब्रिटनमध्ये प्रोपोफॉल आणि 1999 मध्ये अमेरिकेत डेक्समेडेटोमिडीन. एवढ्या दीर्घ काळात प्रत्येक औषधाला विचारले गेलेले प्रश्न साधारण तेच राहिले. झोप लागते का? श्वास चालतो का? रक्तदाब राहतो का? रुग्ण वेळेवर जागा होतो का? शरीराच्या संरक्षक पेशींवर या झोपेचा काय परिणाम होतो, आणि विशेषतः खुद्द मेंदूच्या आत जो पहारा आहे त्याचे काय होते, हा प्रश्न अलीकडच्या काही दशकांतच गांभीर्याने विचारला जाऊ लागला.

मेंदूच्या आत पहारा आहे, हेच मुळी पुष्कळांना ठाऊक नसते. स्पेनमधील पिओ देल रिओ-ओर्तेगा या संशोधकाने 1919 साली चांदीच्या क्षाराने रंगविलेल्या मेंदूच्या पातळ चकत्यांत एक निराळीच पेशी ओळखली आणि तिला मायक्रोग्लिया हे नाव दिले. विचार वाहून नेणारी चेतापेशी ती नव्हे. लहानसा देह आणि चहूकडे पसरलेले बारीक फाटे असलेली ही पेशी मेंदूतील रखवालदार होय. मेलेले उचलून नेणे, जंतू गिळणे, इजा झाली तर हाक देणे ही तिची कामे. देल रिओ-ओर्तेगा यांना स्पेनमधील यादवी युद्धामुळे देश सोडावा लागला आणि 1945 साली ब्वेनोस आयरेस येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पेशीकडे जगाचे लक्ष पुरते वळावयास त्यानंतरही बराच काळ जावा लागला.

कोठे जंतू किंवा जखम आढळली की ही पेशी आपले फाटे आखडून घेते, फुगते आणि काही जहाल रसद्रव्ये सोडते. हाच मेंदूतील दाह. दाह हा शब्द कानी पडताच तो वाईटच, असे वाटते. वस्तुतः तो लढाईचा जाळ आहे. तो पेटलाच नाही तर जंतू जिंकतात, आणि पेटून विझलाच नाही तर शेजारच्या निरपराध चेतापेशी होरपळतात. शिवाय जंतू मेंदूतच असले पाहिजेत असेही नाही. फुप्फुसात न्यूमोनिया झाला, पोटात पू झाला, तरी रक्तातून आणि मज्जातंतूंमधून त्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचते आणि तेथील रखवालदार खवळतात. तापाच्या भरात माणूस असंबद्ध बडबडू लागला की आपल्याकडे 'वात झाला' असे म्हणतात. त्या वातामागे पुष्कळदा हीच कहाणी असते.

आता या पेशीच्या इंधनाकडे वळले पाहिजे, कारण शामक औषधांचा धागा तेथेच येऊन गुंततो. प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या सूक्ष्म कणिका असतात. त्यांना पेशीच्या भट्ट्या म्हणावयास हरकत नाही. शांतपणे गस्त घालणारी मायक्रोग्लिया या भट्टीत प्राणवायूच्या साहाय्याने ग्लुकोज सावकाश, पुरेपूर जाळते. एका ग्लुकोज रेणूपासून तिला ऊर्जेच्या सुमारे तीस पुड्या मिळतात. पण लढाईचा प्रसंग आला की ती रीत बदलते. भट्टी बाजूस ठेवून ती ग्लुकोज घाईघाईने अर्धवट फोडते. एका रेणूमागे पदरात पडतात अवघ्या दोन पुड्या आणि उरते ते लॅक्टिक आम्ल. हा व्यवहार दिसावयास तोट्याचा. तथापि पाचोळा जसा ओंडक्याच्या आधी भडकतो, तशी ही ऊर्जा चटकन हाती येते, आणि अर्धवट फोडीतून जे तुकडे उरतात ते शस्त्रे घडविण्याच्या कामी येतात. प्राणवायू उपलब्ध असूनही साखर अर्धवट जाळण्याची ही सवय प्रथम जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबुर्ग यांनी 1920 नंतरच्या दशकात कर्करोगाच्या पेशींत पाहिली होती.

याहून महत्त्वाची गोष्ट 2013 साली पुढे आली. डब्लिन येथील ल्यूक ओनील यांच्या गटाने दाखवून दिले की, जंतूच्या कवचाचा अंश चाखलेल्या महाभक्षी पेशींत सक्सिनेट नावाचे एक मध्यंतरीचे द्रव्य साचते आणि ते साचणे हीच दाह वाढविण्याची आज्ञा ठरते. महाभक्षी पेशी म्हणजे मायक्रोग्लियाची शरीरातील इतरत्र राहणारी भावंडे. पेशी काय खाते यावर ती कशी वागेल हे ठरते, असा या शोधाचा अर्थ. इंधन हा केवळ शिध्याचा प्रश्न उरला नाही; तो हुकूमाचा प्रश्न झाला. आणि मग एखादे औषध जर पेशीच्या भट्टीला स्पर्श करीत असेल, तर ते त्या हुकूमालाही स्पर्श करीत असणार, हे ओघानेच आले.

शामक औषधे भट्टीला स्पर्श करतात काय? करतात. याचा एक पुरावा अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडला. व्हॅलियम, म्हणजेच डायझेपाम, मेंदूतील ज्या कुलपात किल्लीसारखे बसते त्याचा शोध चालू असता 1977 साली संशोधकांना असे आढळले की उंदराच्या मूत्रपिंडातही हे औषध कोठेतरी घट्ट बसते. मूत्रपिंडाला झोप लागण्याचा प्रश्नच नाही! पुढे कळले की ही जागा मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर आहे. 2006 मध्ये तिचे नाव बदलून टीएसपीओ असे ठेवण्यात आले. मायक्रोग्लिया खवळली की तिच्या अंगी ही टीएसपीओ प्रथिने वाढतात, इतकी की त्यांना चिकटणारे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून जिवंत माणसाच्या मेंदूतील दाहाचे चित्र काढण्याचा प्रयत्न केला जातो. मिडाझोलाम हे व्हॅलियमच्याच कुळातले औषध आज अतिदक्षता विभागांत सर्रास वापरले जाते आणि तेही या जागेला चिकटते.

प्रोपोफॉलची गोष्ट निराळी आणि अधिक करुण आहे. हे औषध पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते सोयाबीनच्या तेलात आणि अंड्यातील लेसिथिनात घुसळून दुधासारखे पांढरे करून शिरेतून देतात. काचेच्या ताटलीत वाढविलेल्या मायक्रोग्लियाला जंतूचा अंश देऊन खवळविले आणि मग प्रोपोफॉल घातले, तर ती दाहक द्रव्ये कमी सोडते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. वाचणाऱ्याला वाटावे की झोप आणि दाहशमन हे दोन्ही लाभ एकाच सुईत मिळाले. पण 1992 साली ब्रिटनमधून पाच लहान मुलांची हकीकत प्रसिद्ध झाली. श्वसनमार्गाच्या जंतुबाधेमुळे त्यांना श्वासयंत्रावर ठेवून प्रोपोफॉलने गुंगीत ठेवले होते. त्यांच्या रक्तात आम्ल साचत गेले, रक्त स्निग्ध झाले, हृदयाचे ठोके मंदावले आणि पाचही मुले दगावली. पुढील अभ्यासांत असे दिसले की, मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ दिलेले प्रोपोफॉल मायटोकॉन्ड्रियाला स्निग्धाम्ले जाळू देत नाही. ताटलीतील रखवालदाराला आवरणारा हात हृदयाच्या स्नायूची भट्टीच विझवू शकतो, असा हा प्रकार. तेव्हापासून या औषधाला मर्यादा आली. मोठ्या माणसांतही दर तासाला वजनाच्या किलोमागे 4 मिलिग्रॅमच्या वर ते दीर्घकाळ देऊ नये, असा दंडक सर्वत्र सांगितला जातो. शस्त्रक्रियेपुरती तास-दोन तासांची भूल ही गोष्ट वेगळी. तिच्याशी या हकीकतीची गल्लत करून कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही.

दाह शमविणे म्हणजे नेहमीच भले करणे नव्हे, ही गोष्ट आणखी एका प्रयोगाने स्पष्ट केली. 2013 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी उंदरांना न्यूमोनियाच्या जंतूंची बाधा करून त्यांतील काहींना डायझेपाम दिले. ते उंदीर अधिक संख्येने मेले. या औषधाचे कुलूप मेंदूप्रमाणेच प्रतिकारपेशींवरही असते. ते फिरले की महाभक्षी पेशी जंतू गिळण्यात आणि मारण्यात मंद होतात, असा त्याचा उलगडा झाला. घरात चोर शिरला असता पहारेकऱ्याला अफू चारावी, तशातली ही गत. उंदरांवरून माणसांचा निवाडा करू नये हे खरेच. पण ज्याला जंतुबाधा झाली आहे त्याला शांत करताना डॉक्टरांनी कोणता विचार मनात ठेवावा, हे त्या उंदरांनी दाखवून दिले.

या साऱ्या संशोधनात एक गंमतही दडलेली आहे. 2005 साली सूक्ष्मदर्शकाच्या नव्या तंत्राने जिवंत उंदराच्या कवटीतून मायक्रोग्लियाचे चलत्चित्र घेण्यात आले. तोवर विसाव्याला बसलेली मानली गेलेली ही पेशी क्षणोक्षणी आपले फाटे पुढेमागे सरकवीत आसमंत चाचपताना दिसली आणि सारे शास्त्रज्ञ चकित झाले. ती चित्रे पाठ्यपुस्तकांत गेली. परंतु ते उंदीर भुलीखाली होते. 2019 मध्ये अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांनी जाग्या उंदरांत तोच देखावा पाहिला, तेव्हा फाटे आखडलेले आणि गस्त थंडावलेली आढळली. भूल देताच ते पुन्हा पसरू लागले. जागेपणी मेंदूच्या देठातील एका चिमुकल्या निळसर पुंजक्यातून नॉरॲड्रेनलिन सर्वत्र शिंपडले जाते, आणि तेच रखवालदाराला आवरून धरते. झोपेत ते ओसरते आणि गस्त मोकळी होते. म्हणजे जगाने चौदा वर्षे जी स्वाभाविक गस्त म्हणून पाहिली, तिच्यात भुलीचाही हात होता. शास्त्रात असे घडते, आणि ते उघडपणे सांगितले जाते, ही त्यातली समाधानाची बाजू.

याच निळसर पुंजक्यावर डेक्समेडेटोमिडीनचे काम चालते. प्रोपोफॉल किंवा मिडाझोलाम यांच्या गुंगीपेक्षा त्याची झोप स्वाभाविक निद्रेला जवळची. हाक मारली तर रुग्ण डोळे उघडतो, ओळखीचे हसतो आणि पुन्हा झोपतो. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने दाह कमी केला आणि जंतू गिळण्याचे सामर्थ्य मात्र फारसे उणावले नाही, असे दिसले. साहजिकच मोठ्या आशेने ते रुग्णशय्येपाशी नेण्यात आले.

रुग्णशय्येपाशी काय पणाला लागलेले असते, ते आधी सांगावयास हवे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे अतिदक्षता विभागातील 821 रुग्णांचा मागोवा घेऊन 2013 साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतील शेकडा 74 जणांना रुग्णालयात असताना वात झाला होता. घरी गेल्यावर एक वर्षाने तपासले तेव्हा सुमारे एक तृतीयांश रुग्णांची बुद्धी डोक्याला मध्यम इजा झालेल्या माणसाइतकी, तर जवळजवळ एक चतुर्थांशांची सौम्य अल्झायमर झालेल्या माणसाइतकी मंदावलेली आढळली. यात तरुणही होते. ज्यांचा वात अधिक दिवस टिकला त्यांची हानी अधिक. न्यूमोनियातून वाचलेला कारकून पुन्हा हिशेबाची वही उघडतो आणि बेरीज जुळत नाही. गृहिणीला रोजच्या स्वयंपाकाचा क्रम आठवत नाही. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू. तो जातोच असे नाही. या अहवालाच्या लेखकांत अग्रभागी प्रतीक पंढरीपांडे हे नाव आहे. ते वाचून मराठी माणूस क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही.

याच पंढरीपांडे यांनी सहकाऱ्यांसह 2007 साली 106 रुग्णांवर डेक्समेडेटोमिडीन आणि व्हॅलियमच्या कुळातील लोराझेपाम यांची तुलना प्रसिद्ध केली होती. पहिल्या गटात वात व बेशुद्धी यांवाचून गेलेले दिवस सरासरीने सात, दुसऱ्या गटात तीन. जंतुबाधा झालेल्यांत लाभ अधिक दिसला आणि दाहशमनाची कल्पना बळावली. पण एका छोट्या तुलनेवर थांबावयाचे नाही, हा चांगल्या वैद्यकाचा नियम. 2019 मध्ये 4000 रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला प्रारंभापासून डेक्समेडेटोमिडीन, दुसऱ्याला नेहमीची औषधे. नव्वद दिवसांनी दोन्ही गटांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा 29.1, दशांशचिन्हापुढील आकड्यासह एकसारखे. 2021 मध्ये नॅशव्हिलच्याच मंडळींनी श्वासयंत्रावरील 432 जंतुबाधित रुग्णांत डेक्समेडेटोमिडीन आणि प्रोपोफॉल समोरासमोर उभे केले. वातावाचूनचे दिवस एका गटात 10.7, दुसऱ्यात 10.8. सहा महिन्यांनी बुद्धीची परीक्षा घेतली, तेथेही भेद नाही. ताटलीतला आणि पिंजऱ्यातला एवढा मोठा फरक माणसाच्या खाटेपाशी येताना कोठेतरी विरून गेला. इतकेच नव्हे, तर 2019 च्या चाचणीतील तपशील पुन्हा तपासून युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2022 साली इशारा दिला की पासष्ट व त्याहून कमी वयाच्या रुग्णांत या औषधाने मृत्यूचे प्रमाण वाढत असल्याचा संभव आहे.

मग तो फरक विरला कोठे? एक उत्तर असे की माणूस अतिदक्षता विभागात पोचतो तेव्हा दाह पेटून काही तास, काही वेळा काही दिवस लोटलेले असतात. उंदराला मात्र औषध बहुधा जंतूच्या आधी किंवा बरोबरच मिळते. दुसरे उत्तर अधिक पटण्याजोगे आहे. 2021 च्या चाचणीत दोन्ही गटांना हलक्याच गुंगीत ठेवले होते. औषध कोणते, यापेक्षा गुंगी किती खोल आणि किती दिवस, यालाच अधिक किंमत असावी. याची चुणूक 2000 साली शिकागो येथे मिळाली होती. तेथे 128 रुग्णांपैकी निम्म्यांचे शामक औषध रोज सकाळी बंद करून त्यांना जागे होऊ दिले. त्यांचे श्वासयंत्र सरासरी 4.9 दिवसांत निघाले. ज्यांना अखंड गुंगीत ठेवले त्यांना 7.3 दिवस लागले. या प्रयोगाला नवे औषध लागले नाही, नवे यंत्र लागले नाही. लागली ती परिचारिकेची सवड आणि जागा झालेला रुग्ण नळी ओढील या भीतीवर मात करण्याची तयारी.

आज पुष्कळ चांगल्या अतिदक्षता विभागांत व्हॅलियमच्या कुळातील औषधे शक्य तेथे टाळतात, गुंगी रोज मोजतात आणि ती उतरवून पाहतात. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवे मंद. चष्मा आणि कानाचे यंत्र उशाशी. घरचे माणूस जवळ. वात आहे की नाही हे पाहावयाची एक साधी परीक्षाही आहे. परिचारिका रुग्णाचा हात हातात घेते आणि सांगते, 'मी इंग्रजी अक्षरे उच्चारीन. ए ऐकू आले तरच माझा हात दाबा.' मग ती सावकाश दहा अक्षरे म्हणते. मेंदूतील रखवालदार शांत आहेत की खवळलेले, त्यांच्या भट्ट्या पेटल्या आहेत की विझल्या, हे सांगणारी तपासणी खाटेपाशी अजून आलेली नाही. तेथे आहे तो एवढाच हात, आणि तो केव्हा दाबला जातो याची वाट पाहणारी परिचारिका.